थोडा काम रवला हा

भाईमामाच्या खळ्यात शिरणारा माणूस चपला काढायच्या आधी एकच प्रश्न विचारतो. ‘बंदूक झाली?’ पोस्टमन विचारतो, नारळ पाडायला आलेला विचारतो, विजेचं मीटर वाचायला आलेला नवखा पोरगासुद्धा विचारतो. त्याला बहुधा कचेरीतूनच तसं सांगून पाठवत असावेत. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून, त्यावर बंदुकीचे सात भाग मांडून बसलेला मामा चश्म्याच्या वरून बघतो आणि म्हणतो, ‘होता होता. थोडा काम रवला हा.’

मी कॉलेजात होतो तेव्हापासून हे थोडं काम राहिलेलं आहे. आता माझा मुलगा कॉलेजात आहे.

सावंतवाडीपासून सात-आठ मैलांवर आमचं आजोळ. तिथे बंदूक असणं ही काही मर्दुमकीची गोष्ट नाही. कुळागर, भाताचे कोपरे, काजूची चार कलमं आणि या सगळ्यावर स्वतःचा सातबारा असल्यासारखे फिरणारे रानडुक्कर, माकडं, साळिंदर. त्यामुळे शेतसंरक्षणाचा परवाना आणि एक जुनी नळी बऱ्याच घरांत माळ्यावर असते. काहींकडे तर पुढून दारू ठासायची. आमच्या आजोबांकडे मात्र दुनळी. बारा बोअर, काडतुसाची, बाहेर दोन घोडे असलेली. घोडे मागे ओढले की दोन मांजरांनी एकदम कान टवकारल्यासारखी दिसते.

आजोबा गेले आणि बंदूक वारसाहक्काने भाईमामाकडे आली, म्हणजे यायला निघाली. मामा तहसील कचेरीतला निवृत्त अव्वल कारकून. इतर कुणी असता तर वारसाच्या अर्जांना, भावंडांच्या ना-हरकतींना आणि ठाण्याच्या खेपांना कंटाळून बंदूक सरकारजमा करून मोकळा झाला असता. मामाच्या चेहऱ्यावर उलट तेज चढलं. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या अर्जांवर त्रुटी काढल्या होत्या. आता पहिल्यांदा स्वतःचा अर्ज बिनत्रुटीचा करायची संधी होती. माझ्या आईने स्टॅम्प पेपरवर सही केली त्या दिवशी मामाने तिला साडी नेसवली. एकदा रद्दीवाला आला असताना मामाने गंमत म्हणून त्याच्या काट्यावर दोन्ही वजनं करून घेतली. बंदूक सव्वातीन किलो भरली, फाइल चार.

पूर्वी हत्यार परवान्याचं नूतनीकरण तीन वर्षांनी होई. २०१९च्या कायदादुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांची केली. महाराष्ट्रात ही बातमी वाचून आठवडाभर उदास झालेला एकच परवानाधारक असेल आणि तो माझा मामा आहे.

बंदूक हातात आली तेव्हा तिची अवस्था, मामाच्याच शब्दांत, ‘अपिलात गेलेल्या केसीसारखी’ होती. बिजागरी गंजून एक झालेली. दस्ता अक्रोडाचा, पण वाळवीने आतून असा खाल्लेला की बाहेरचं पॉलिश तेवढं उभं होतं. डावा घोडा ढिला, उजवा हलेना. इस्क्रूंच्या खाचा कुणीतरी कोयतीच्या टोकाने फिरवून बोथट केलेल्या. मामाने सगळं रॉकेलच्या परातीत बुडवलं आणि बसला. वाट बघण्याचं शिक्षण त्याने सरकारी खर्चाने घेतलं होतं. दर चार दिवसांनी एक इस्क्रू पाव वेढा हले. हलला की मामा मामीला हाक मारी, मामी हात पुसत येई, इस्क्रूकडे बघे आणि पुन्हा चुलीशी जाई. रॉकेल रेशनचं होतं, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण परातीकडे बघण्यात ते असे.

त्या वर्षी मामाने बंदुकीवरची पुस्तकं मागवली, तीही इंग्रजी. आणि त्यानंतर घरात काहीच साधं उरलं नाही. दिवाळीत मामी बेसनाचे लाडू वळायला बसली की मामा ताटाशी येई. ‘झिला, बारा बोअर म्हणजे काय म्हायत हा?’ माहीत असो-नसो, उत्तर मिळे. एक रतल शिसं घ्यायचं, त्याचे बारा सारखे गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोब्बर बसेल ती नळी बारा बोअरची. सोळा केले तर सोळा बोअर, म्हणून आकडा मोठा ती नळी बारीक. हे सांगताना मामा लाडू मोडून वळून दाखवी. बारा बोअरचा लाडू, सोळा बोअरचा लाडू, वीस बोअरचा लाडू. त्या घरातली पोरं भागाकार शाळेच्या आधी लाडवावर शिकली, आणि मामीच्या हातचा एकसारखा लाडू त्या घरात पुन्हा कुणी पाहिला नाही.

दुसरं त्याला फार आवडलेलं म्हणजे दोन नळ्यांमधला फरक. पुढचा चाप ओढला की उजवी नळी, मागचा ओढला की डावी. उजवी तोंडाशी मोकळी, म्हणजे छर्रे पटकन पसरतात. डावी तोंडाशी किंचित आवळलेली, म्हणजे छर्रे लांबवर एकत्र जातात. कारण पहिला बार झाल्यावर सावज लांब गेलेलं असतं. ‘म्हणजे बघ,’ मामा बोट वर करून म्हणे, ‘पयलो बार चुकतलो ह्या धरूनच बंदूक केल्यानी. हेका म्हणतत प्रामाणिक काम.’

इस्क्रू सुटले, पण चापाच्या आतली कमान तुटलेली निघाली. हे काम परवानाधारक कारागिराचं. घरी हात लावायचा नाही. मामा कायद्याच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. बेळगाव जवळ, आंबोली चढली की आलंच. पण परवाना महाराष्ट्रापुरता आणि बेळगाव कर्नाटकात. सीमाप्रश्नावर मामाचं मत तोवर सौम्य होतं, ते त्या दिवशी कडक झालं. शेवटी कोल्हापूर ठरलं. सोबत मी. यष्टीत मामाने खिडकीकडची जागा बंदुकीला दिली. ती चादरीत गुंडाळलेली, परवाना मामाच्या खिशात, परवान्याच्या तीन साक्षांकित प्रती माझ्या. वाटेत कुणीही काहीही विचारलं नाही, याचं मामाला किंचित वाईट वाटलं.

कोल्हापूरचे मिस्त्री साठीचे, हाताची बोटं तेलाने कायमची काळी. त्यांनी बंदूक उघडली, नळ्या वेगळ्या केल्या, सुतळीला टांगल्या आणि लाकडी मोगरीने हलकेच टोला दिला. देवळातली लहान घंटा वाजावी तसा आवाज लांबला. मिस्त्री म्हणाले, ‘सांधा शाबूत हाय. सांधा सुटला असता तर ठप्प वाजली असती.’ मग नळ्या पुन्हा जोडून दाराच्या उजेडात धरल्या. बूड आणि फळी यांच्यामधून उजेडाची एक रेघही येईना, म्हणजे बिजागरी झिजलेली नाही. मामा माझ्याकडे असा बघत होता की मॅट्रिकचा निकाल लागतोय आणि पोरगं पहिल्या पन्नासात आहे.

मग मिस्त्र्यांनी नळ्यांच्या बुडाशी भिंग लावलं.

इथे आमचा घरगुती इतिहास सांगायला हवा. ही बंदूक एका गोऱ्या साहेबाने खूश होऊन पणजोबांना दिली, ती अस्सल विलायती आहे, हे आमच्याकडे सत्यनारायणाच्या कथेइतकं पक्कं होतं. पुरावा म्हणून नळीच्या बुडाशी अंडाकृती चौकटीत कोरलेली तीन अक्षरं दाखवत. ई, एल, जी. आजोबा म्हणत, इंग्लंड. मधली अक्षरं जागेअभावी गाळली.

‘ही बेल्जमची हाय,’ मिस्त्री म्हणाले. ‘लिएज गावची. तितं नळी तपासायचं सरकारी घर हाय, तेचा ह्यो शिक्का. इंग्रजाचा नव्हं.’

मामा खुर्चीवर बसला. मिस्त्र्यांच्या पोराने पाणी आणलं. चार पिढ्यांची विलायत एका भिंगाखाली गेली होती. पण मिस्त्री माणूस दर्दी. ते म्हणाले, ‘मामा, नाराज हू नका. १८९३ नंतरच्या शिक्क्यावर वर मुकुट असतोय. ह्येच्यावर न्हाई. म्हंजे त्येच्या आधीची. आणि ही नळी बगा.’ त्यांनी आम्लाचा बोळा फिरवला, धुतलं, पुसलं, आणि काळ्या गंजाखालून नक्षी वर आली. ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूत राहतात तशा बारीक लाटा, नळीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, गजाभोवती गुंडाळायच्या, तापवून ठोकून एकजीव करायच्या, तेव्हा अशी नळी होते. दमास्कसची नळी म्हणतात. बेल्जियमचे लोहार या कामात इतके पटाईत की इंग्रज बंदूकवालेही त्यांच्याकडून नळ्या नेत.

‘इंग्रज हेंच्याकडसून नेय?’ मामा उठून उभा राहिला.

घरी परत येईपर्यंत मामाने नवा इतिहास तयार केला होता. मामीने मात्र दारातच पाणी पाडलं. ‘बेल्जम म्हणजे? बेळगाव?’ मामाने समजावलं. मामीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मगे इतकी वर्सां विलायती विलायती म्हणान मिरवलात ती बेळगावची.’ गावात आजही अर्धे लोक ती बेळगावचीच समजतात.

कमान नवी बसली, घोडे सरळ झाले. पण जाताना मिस्त्र्यांनी एक पाचर मारून ठेवली होती. ही नळी काळ्या दारूच्या जमान्यातली. काळी दारू जळते तिचा जोर जरा सबुरीचा. आजच्या काडतुसात बिनधुराची दारू असते, तिचा दाब जास्त. खडकीच्या कारखान्याचं काडतूस यात घातलं आणि नळी फाटली तर डावा हात जाईल. शिवाय घर अडीच इंची काडतुसाचं, आजचं काडतूस त्याहून लांब. उपाय एक. बुडाचा भाग ठेवून पुढे नव्या पोलादी नळ्या जोडायच्या. मग बंदूक बोलेल. पण नक्षी जाईल.

नक्षी ठेवली तर मुकी, बोलती केली तर नक्षी गेली. हा पेच मामासमोर टाकणं म्हणजे म्हशीला डबकं दाखवणं. तो त्यात बसला तो बसलाच. रोज सकाळी चहाबरोबर एक बाजू मांडी आणि दुपारी जेवताना दुसरी. मी एकदा वैतागून म्हणालो, ‘मामा, नव्या नळ्या घाला की, डुकरं भात खातायत.’ मामा शांतपणे म्हणाला, ‘डुकरां काय, मगेव खातली.’

निर्णय होईपर्यंत दस्ता करून घ्यावा म्हणून मामा सावंतवाडीच्या चितारआळीत गेला. लाकडी फळं, पाळणे, गंजिफा रंगवणाऱ्या त्या आळीत लाकडाची जाण असलेला म्हातारा कारागीर भेटला. त्याने शिसवाचा दस्ता असा उतरवला की खांद्याला लावल्यावर गाल आपोआप जागेवर टेकावा. फक्त शेवटी त्याला राहवलं नाही. मामा आणायला गेला तर दस्ता लाखेच्या लाल रंगात, कडेने पिवळी वेलबुट्टी आणि मध्ये मोर. ‘नुसतो काळो बरो दिसा नाय,’ तो म्हणाला. मामाने पुढचे तीन महिने तो मोर खरवडला. नंतर जवसाचं तेल. त्याचाही नेम पुस्तकातला: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला आणि मग जन्मभर वर्षातून एकदा; तेही फडक्याने नाही, तळव्याने, लाकूड ऊन होईपर्यंत घासून. मोराचा तुरा मात्र एका कोनात बघितलं तर अजून दिसतो. मामा पाहुण्याला बंदूक दाखवताना तो कोन टाळतो.

मामा तेल घासत बसला की समोरच्या गडग्यावर माकडं येऊन बसतात. शेजाऱ्याची साधी काठी बघून पळणारी ही जात मामाच्या दुनळीसमोर पोरं मांडीवर घेऊन निवांत असते. त्यांनाही काम किती राहिलंय ते कळत असावं.

ही बंदूक वापरात आली ती २०२३च्या दसऱ्याला.

दसऱ्याला मामा शस्त्रपूजा करतो. त्या वर्षीही नळ्या, दस्ता आणि पुढचं लाकूड वेगवेगळं देवघरात मांडलं होतं, गंध-अक्षता झाल्या होत्या, झेंडूची फुलं वाहिली होती. रात्री दीडच्या सुमारास शेजारचा बाबल्या ओरडत आला, ‘भाई, डुकरां! तुझ्याच कोपऱ्यात!’ भात कापणीला आलेलं. मामा उठला, देवघरात गेला. तीन तुकडे समोर. ते जोडायचे तर चश्मा हवा, चश्मा कुठे आहे ते मामीला माहीत आणि मामी झोपेत. मामाने नुसत्या नळ्या उचलल्या आणि धावला. मी मागे बॅटरी घेऊन.

कोपऱ्यात सात-आठ जनावरं. मोठा नर तर बैलाच्या वासराएवढा. बॅटरीच्या उजेडात त्याने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागला. मामा बांधावर उभा, हातात तीस इंची जोडनळी, मागे ना चाप ना घोडा. आणि मग त्याने जे केलं ते कुठल्या पुस्तकातून आलं की पोटातून, मला सांगता येणार नाही. त्याने नळ्यांचं बूड तोंडाला लावलं, गाल फुगवले आणि फुंकली.

असा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. शंख, म्हैस आणि गोव्याला जाणारी मालगाडी यांच्यामध्ये कुठेतरी. पहिल्या फुंकीला उजव्या नळीतून दसऱ्याचं झेंडूचं फूल सुटलं आणि हातभर लांब चिखलात पडलं. दुसऱ्या फुंकीला डुकरांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बांध फोडून, पंपाचा पाइप उखडून, बाबल्याच्या चवळीतून सरळ रानात. वाडीतले कुत्रे सकाळपर्यंत भुंकत होते. पुढचे पंधरा दिवस कोपऱ्यात डुक्कर नाही.

माणसं बंदुकीचा बार काढतात. भाईमामाची बंदूक वाजते. हे वाक्य पार बांद्यापर्यंत पोचलं. काकड आरतीच्या दिवसांत देवळातून बोलावणं आलं, ते मामाने परवान्यात तसा उपयोग नमूद नसल्याचं कारण देऊन नाकारलं. मी विचारलं, आता नव्या नळ्यांचा प्रश्न मिटला ना? मामा म्हणाला, ‘ह्यो वापर हंगामी. मूळ प्रश्न प्रलंबित आसा.’

इस्क्रूंचं राहिलंच. चांगल्या बंदुकीत सगळ्या इस्क्रूंच्या खाचा एका रेघेत, नळीच्या दिशेने असतात, असं मामाने कुठेतरी वाचलं. बेल्जियममधल्या त्या कारागिराला एवढी सवड नव्हती, मामाला होती. खाच रेघेत यायची तर इस्क्रू पूर्ण आवळल्यावर नेमका तिथेच थांबला पाहिजे, म्हणजे डोक्याखालचं कागदाच्या जाडीइतकं पोलाद घासायचं, बसवायचं, बघायचं, काढायचं, परत घासायचं. जास्त घासलं तर खाच रेघेच्या पुढे गेली, इस्क्रू फुकट. एक पावसाळा दोन इस्क्रू. २०२४च्या मार्चमध्ये शेवटचा बसला. मामाने मला डोंबिवलीला फोन केला. नुसता म्हणाला, ‘सगळे एका रेघेत.’ पुढे काही बोललाच नाही. मी विचारलं, ‘मग झाली म्हणायची?’ पलीकडे बराच वेळ घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मामी नंतर म्हणाली, त्या दिवशी जेवलासुद्धा नाही धड. दुसऱ्या दिवशी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसला, पण समोर काहीच नाही. पोस्टमनने विचारलं, ‘झाली?’ तर उत्तर न देता आत गेला.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप आला. वाडीतले बाकीचे परवानाधारक कुरकुरले. मामाने ती जुन्या धोतरात बांधली आणि पहिला जाऊन पावती घेतली. जून उजाडला, निकाल लागले, बंदूक परत आणायला मी सोबत होतो. कोठडीशेजारच्या खोलीत भिंतीला टेकून चाळीसेक बंदुका, प्रत्येकीला चिठ्ठी. तरुण हवालदाराने मामाची शोधून काढली. ‘हीच ना ती वाजवायची?’ मामाने मान हलवली. हवालदार म्हणाला, ‘काका, हिचा एक स्क्रू जरा ढिला वाटला. मी आवळून ठेवलाय. हाताशी डिसमिस होता.’

मी मामाकडे बघायचं टाळलं. ठाण्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत तो बोलला नाही. फाटकाबाहेर चिंचेखाली त्याने धोतर सोडलं, चश्मा पुसला, घोड्यांच्या बाजूची पाटी उजेडात धरली. सहा खाचा सरळ. सातवी तिरकी.

‘आडवो केल्यान,’ मामा म्हणाला. मग अंगठ्याने ती खाच चाचपली. ‘आणि वर खाचय खाल्ल्यान मेल्यान. नवो इस्क्रू पाडूक होयो.’

यष्टीत बंदुकीला खिडकी मिळाली. अर्ध्या वाटेत मामा कसलीशी दशावतारातली चाल गुणगुणायला लागला. घरी पोचलो तेव्हा खळ्यात मीटरवाला पोरगा उभा होता. त्याने तोंड उघडायच्या आत मामाने आत बघून हाक मारली, ‘अगो, रॉकेल आसा काय गो थोडा?’